शिगेची मीठवाली

सरदारांच्या जनानखान्यात परक्या पुरुषाची सावली पडली तरी डोकं उडतं. म्हणून एदो शहरातल्या बड्या नटांचं तिथं काही चालत नाही, आणि माझं चालतं. मी शिगे. चार पोरी, एक तीन तारांचं शामिसेन आणि कपड्यांची पेटी घेऊन हवेल्या-हवेल्यांतून बायकांसाठी नाटकं करते.

माझं गाजलेलं काम चेटकिणीचं. राज्य बुडालेल्या घरची राजकन्या मंत्रविद्या शिकते आणि मीठ विकणाऱ्या बाईच्या वेषात बापाच्या वैऱ्याच्या दारात येते. शेवटी मागून दोरे खेचले की फाटका किमोनो गळून पडतो आणि आतून लाल जरीतली राजकन्या उभी राहते. लोक भुलतात त्या दोऱ्यांना. मी जीव ओतते तो मीठवालीत.

त्या वसंतात पेटी उचलणारी किवा तापानं पडली आणि तिनं आपल्या जागी मावसबहीण पाठवली. डोक्याला फडकं, मान खाली. घाईत मी नीट पाहिलंही नाही.

हवेलीत पोचल्यावर तिनं फडकं सोडलं, अलगद गुडघ्यांवर बसली, बाही ओठांशी नेली आणि मान अशी कलती केली की मी ओळखलंच. खरी बाई कधी एवढी बाई नसते. हा सेन्नोजो होता, स्त्री भूमिका करणाऱ्या नटांत एदोतला पहिला! पुढच्या महिन्यात हेच नाटक तो थिएटरात करणार होता. "बाई कशी असते ते बायकांना काय कळतं," असं चारचौघांत म्हणणाराही हाच.

मी त्याला पडद्याआड ओढलं. "मेल्या, जीव नकोसा झालाय का तुला? तुझ्यापायी माझ्या पोरी मरतील!"

"रागावू नका, शिगेबाई. तुमची मीठवाली बघितल्याशिवाय झोप लागेना. एकदा बघतो आणि जातो."

राग तर आलाच. पण खरं सांगते, आतून गुदगुल्याही झाल्या.

तेवढ्यात जनानखान्याच्या कारभारीण हामाओगी बाईसाहेब आल्या. सेन्नोजोवर नजर पडली आणि त्या आपल्या दासींवर डाफरल्या, "बघा गं, बसणं कसं असतं ते! नाहीतर तुम्ही, पोती टाकल्यासारख्या बसता. शिगे, हिला इथंच ठेवून जा. माझ्या पोरींना वळण लावील. ए पोरींनो, खेळ संपला की हिला आंघोळीला न्या आणि नवे कपडे द्या."

आंघोळ! माझी तर पाचावर धारण बसली. बाईसाहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्याच मनातून ही बया उतरायला हवी होती.

मी त्याच्या कानाशी लागले. "गबाळ्यासारखा बस. खाजव. जांभई दे."

बिचाऱ्यानं जांभई दिली, तीही पंख्याआडून आणि इतकी नाजूक की दोन दासींनी उसासे टाकले.

"जमत नाही हो," तो रडकुंडीला आला. "जन्म गेला यात."

"मग डोळे उघडे ठेव आणि बघ माझ्याकडे," असं म्हणून मी खेळाला उभी राहिले.

त्या दिवशी मी फक्त त्याच्यासाठी नाचले. वैऱ्याच्या दारात टोपली आदळली, दुखरी टाच चोळली, काखेत खाजवलं, बाहीला नाक पुसलं. पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायले. वैरी समोर आला तेव्हा हात तसाच खाजवत राहिला, डोळे तेवढे थांबले. पुढं दोरे खेचले गेले, लाल जर झळकली, दासी किंचाळल्या. ते नेहमीचंच.

"चल गं, आंघोळीला," बाईसाहेब म्हणाल्या.

सेन्नोजो उठला. छे, उठली ती मीठवाली! टाच चोळत आली, पाय फाकवून धपकन बसली, काखेत बोटं घातली, बाईसाहेबांच्या पुढ्यातला चहा उचलून घटाघटा ढोसला आणि बाहीला नाक पुसत म्हणाली, "बाई, पोटात काही टाकणार, का नुसतीच आंघोळ?"

"शी! शिगे, ने हे ध्यान माझ्यासमोरून!"

आम्ही निघालो ते पूल ओलांडेपर्यंत थांबलो नाही. तिथं तो म्हणाला, "शिगेबाई, तुमचं चोरलं मी."

"चोरलंस खरं," मी म्हटलं. एका नजरेत माझं सगळं उचलणारा गडी होता, त्याचं कौतुकही वाटलं आणि पोटातही दुखलं.

पुढच्या महिन्यात मी त्याचा खेळ बघायला गेले. टोपली आदळली, टाच चोळली, आणि पुरुष उठून शाबासकी म्हणून त्याच्या नटघराण्याच्या नावानं आरोळ्या ठोकू लागले. शेजारचा तांदळाचा व्यापारी बायकोला म्हणाला, "बघितलंस? अशी बाई फक्त पुरुषालाच जमते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थिएटरात बायका ओरडत नाहीत. मी उभी राहिले आणि छातीच्या भात्यातून ओरडले, "शाब्बास, शिगे!"

थिएटरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काखेत हात घातलेला सेन्नोजोही वळला. त्यानं हात काढला, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि माझ्या दिशेनं कपाळ टेकवलं. मग उठून पुन्हा खाजवायला लागला.

"ही शिगे कोण?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आता जरा सरकून बसा, मला माझं काम बघू द्या."