सातव्या भागातला ब्रेक

रविवारी आठच्या ठोक्याला सोल्वायच्या घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, हा नियम तिनं लग्नाआधीच घालून दिला होता. फोन पालथे, चहाची किटली भरलेली, आणि काय भांडायचं ते नऊनंतर. ‘भरतीची वेळ’ सुरू झाल्यापासून तर तिची सासू इंगर-लिसेही हा नियम पाळू लागली होती. ती पुलापलीकडून दर रविवारी केक घेऊन स्वेनबोर्गला त्यांच्याकडे यायची आणि सोफ्याचा उजवा कोपरा धरायची. आस्ता जन्मल्यापासून तिला सगळे फारमोर म्हणत, म्हणजे बापाची आई, सोल्वायही म्हणे.

मालिका एका बंदरातल्या घराण्याची, आता तिसरं पर्व. म्हातारा बंदरप्रमुख, त्याचे न पटणारे तीन मुलगे आणि धाकटी लेक कार्ना. सोल्वाय नुसती बघणारी नव्हती. सोमवारी सकाळी आस्ताला पाळणाघरात सोडलं की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आदल्या रात्रीच्या भागाची चिरफाड लिहायची आणि आपल्या पानावर टाकायची. पानाचं नाव ‘रविवारी आठ’, वाचणारे अडीच हजार. गुरुवारच्या इस्पितळाच्या मालिकेवरही लिहायची, पण ते जेवणात लोणचं. खरं जेवण रविवारचं.

या पर्वाच्या पाचव्या भागावर तिनं लिहिलं होतं, ‘काल बंदरप्रमुखाला अचानक जुळा भाऊ निघाला. बासष्ट वर्षं काय फ्रिजमागे पडला होता? असं कोण वागतं?’ हे ‘असं कोण वागतं?’ तिची खूणच झाली होती. वाचणारे आधीच पैज लावत, या वेळी कुणाच्या डोक्यावर फुटणार म्हणून. सहाव्या भागावर मात्र ती मऊ झाली होती. ‘या घराण्यात एकटी कार्ना खोटं बोलत नाही. परवा तिच्या हातात मूल दिलंत, लेखकांनो. आता जपून.’

सातवा भाग फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी लागला. बाहेर थंडी मी म्हणत होती, आस्ता आत झोपली होती, फारमोर सफरचंदाचा केक घेऊन आली होती आणि सोल्वायचा नवरा त्रोल्स पाय पसरून जमिनीवर बसला होता.

विसाव्या मिनिटाला कार्ना बाबागाडी ढकलत बेकरीपाशी आली. गाडी खिडकीखाली लावली, मूल झोपलेलं होतं, तशीच आत गेली. त्यात काही नवल नाही, त्या देशात सगळ्याच आया अशी बाहेर लावतात. झोपलेलं पोर कुणी पावाच्या वासात आणि गर्दीत नेत नाही. आत गेल्यावर तिनं नंबराची चिठ्ठी घेतली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे तो खलाशी, जो चौथ्या भागापासून तिच्यामागे होता. कार्ना हसत बोलत राहिली, पाव घेतला, आणि बोलता बोलता बाबागाडीवरून पुढे निघून गेली. घरी आली. पाव टेबलावर ठेवला, एक काप कापला, त्याला लोणी लावलं, अर्धा खाल्ला. मग स्वतःशीच म्हणाली, “आज किती शांत आहे.”

सोल्वायच्या हातातला कप तिथंच थांबला.

पडद्यावर कार्ना धावत सुटली. घरातल्या चपलाच पायात होत्या. बेकरीपाशी पोचली, पण गाडीत डोकावलीच नाही. तिनं पाय उचलून चाकाचा ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. ब्रेक आधीपासूनच लागलेला होता. आणि मगच तिनं वाकून मुलाकडे पाहिलं.

“अगं बाई, हिला काय झालंय!” फारमोरनं नियम मोडला. “आई आधी पोराकडे बघेल की ब्रेक दाबत बसेल? लिहिणाऱ्याला पोरंबाळं नसणार, सांगते तुम्हाला.”

“आणि विसरेल कशी मुळात?” त्रोल्स हसत म्हणाला. “छत्री आहे का ती? सोल्वाय, उद्या चांगली धू यांना.” मग तिच्याच आवाजाची नक्कल करत, बोट उगारून तो म्हणाला, “असं कोण वागतं?”

सोल्वाय हसली. हसणं आपोआप आलं, तिला त्यासाठी काही करावं लागलं नाही.

असं ती वागली होती. सव्वा वर्षापूर्वी, आस्ता तीन आठवड्यांची असताना, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी. त्या आठवड्यात तिला सलग दोन तासांहून जास्त झोप मिळाली नव्हती. कोपऱ्यावरच्या बेकरीत चार बायका पुढे होत्या, तिनं राईचा काळा पाव घेतला आणि घरी आली. कापला, लोणी लावलं, खाल्लं. फोन नव्हता, खलाशी नव्हता. डोक्यात काहीच नव्हतं, आणि सगळ्यात भयंकर तेच होतं. पाव आठवणीनं आणला आणि पोर विसरली. परत पोचेपर्यंत अठरा मिनिटं झाली होती, हे तिनं नंतर घड्याळावरून काढलं. आस्ता झोपेतून हललीही नव्हती. पण गाडीत बघायचा धीरच होईना. ब्रेक लागलेला असेल तर गाडी कुठं गेलेली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं काहीतरी तिच्या पायानं ठरवलं आणि तो आधी पुढे झाला.

हे तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. त्रोल्सला नाही. यानिकेला.

यानिके तिच्या आयांच्या गटातली. एकाच भागात, एकाच महिन्यात बाळंत झालेल्या पाच जणींना आरोग्यसेविकेनं एकत्र बसवून दिलं होतं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “या टेबलावरचं या टेबलावरच राहील.” तिथंच ओळख झाली. यानिके टीव्हीत होती. “लेखकांच्या खोलीत टिपणं घेते आणि कॉफी आणते,” असं ती स्वतःच म्हणायची. ती ‘भरतीची वेळ’वर काम करते म्हटल्यावर सोल्वायला ती देवासारखी वाटली होती. गुपित सांगितलं तेव्हा तिनं सोल्वायचा हात धरून ठेवला होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच ती कामावर परत गेली, घरी बाळासाठी तिचा नवरा रजेवर बसला. म्हणजे ती हे सगळं ताजं ताजंच थेट तिथं घेऊन गेली.

सोमवारी सोल्वायनं काही लिहिलं नाही. दुपारपर्यंत लोकांनी तिची वाट पाहणं सोडून आपापसांतच सुरुवात केली होती. ‘अशा बाईकडून मूल काढून घ्यावं.’ ‘याराशी बोलताना पोर विसरते, आणि आपण सहा भाग हिच्यासाठी रडलो!’ ‘कार्नाची अब्रू गेली.’ एकीनं लिहिलं होतं, ‘ब्रेकचं काही कळलं नाही. सोल्वाय, असं कोण वागतं?’ त्याखाली चाळीस हसरे चेहरे. सोल्वाय दर अर्ध्या तासानं पान उघडी आणि प्रत्येक नवं नाव नीट वाची. यात बेकरीतली मुलगी तर नाही ना? शेजारची नाही ना? त्या दिवशी रस्त्यावर कोण कोण होतं, हे ती आता नव्यानं आठवायला बसली होती.

“तब्येत बरी नाही का?” त्रोल्सनं विचारलं. “सोमवार चुकला तुझा.”

“डोकं दुखतंय.”

बुधवारी वाचनालयात गट भेटायचा होता. सोल्वाय मुद्दाम आधी गेली. यानिके आली, कोट काढला, आणि बसायच्या आधीच तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, “पाहिलास ना.”

“पाहिला.”

“मी फोन करणार होते गं तुला.”

“केव्हा? आठव्या भागानंतर?”

“सोल्वाय, मी नाव नाही सांगितलं. शपथ. एक आई, एवढंच म्हणाले. त्यांना कार्नासाठी काहीतरी हवं होतं, तीन दिवस कुणाला काही सुचत नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.”

“नाव नाही सांगितलंस. ब्रेक सांगितलास.”

“अगं, ब्रेक म्हणजे तर कळस होता!” यानिकेचे डोळे क्षणभर चमकले, आणि सोल्वायला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. “मी ते सांगितलं तेव्हा अख्खी खोली गप्प झाली. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी खुर्ची दिली बसायला.”

“माझ्या जिवावर खुर्ची मिळाली म्हणजे.”

“तसं नको बोलूस.”

“मग कसं बोलू? तूच लिहून दे, येतं ना तुला आता.”

मुलांच्या कोपऱ्यातून कुणाचं तरी रडणं आलं. दोघींनीही सवयीनं माना वळवल्या, आपलं पोर घरी असूनही. दोघी पुन्हा एकमेकींकडे बघायला लागल्या.

“आणि तो खलाशी?” सोल्वायनं विचारलं. “तो फोन कुणी घातला? मी फोनवर नव्हते, यानिके. मी काहीच करत नव्हते.”

“ते मी नाही केलं. मी तर भांडले त्यावरून. मुख्य लेखक म्हणाला, कारणाशिवाय लोक हे गिळणार नाहीत.” मग तिनं स्वतःला आवरलं नाही. “आणि खरं सांगू? तुझं पान तिथं भिंतीवर लावलेलं असतं. दर सोमवारी वाचतात ते. ‘असं कोण वागतं’ला घाबरूनच त्यांनी तो फोन घातलाय. तू म्हणाली असतीस ना, कुठली आई उगीचच पोर विसरते?”

सोल्वाय तसं म्हणाली असती का? म्हणाली असती. नक्की म्हणाली असती, आणि अडीच हजार लोकांना हसवलं असतं.

“आठव्यात काय आहे?”

“मला सांगता येत नाही, करार—”

“यानिके.”

“बेकरीतली मुलगी कार्नाच्या नवऱ्याला सांगते,” यानिके खाली बघत म्हणाली. “तो पोराला घेऊन निघून जातो.”

त्रोल्स दर शनिवारी कोपऱ्यावरच्या त्याच बेकरीत जात असे.

घरी आल्यावर तिनं कोटही काढला नाही. त्रोल्स बटाटे सोलत होता, आस्ता जमिनीवर डब्याची झाकणं आपटत होती. सोल्वायनं सांगायला सुरुवात केली आणि एकदाही न थांबता शेवटपर्यंत सांगितलं: चार बायका, पाव, लोणी, अठरा मिनिटं, ब्रेक. “फोन नव्हता,” ती दोनदा म्हणाली. “कुणीच नव्हतं.”

त्रोल्सनं सुरी बाजूला ठेवली. आस्ताला उचललं, तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं, मग परत दिलं.

“तिला काही झालं नव्हतं?”

“नाही. झोपली होती.”

“थंडी किती होती?”

“तीन-चार अंश. पांघरूण होतं.”

तो मान डोलवत राहिला. सोल्वायला वाटलं, झालं, निभावलं. मग त्यानं विचारलं, “यानिकेला कधी सांगितलंस?”

“त्याच आठवड्यात.”

“म्हणजे सव्वा वर्ष झालं. मग त्या खोलीतल्या लोकांना कळलं. मग त्या नटीला, कॅमेरावाल्याला. मग दहा लाख लोकांना. आणि मग मला.”

“त्रोल्स—”

“रविवारी मी काय बोललो, आठवतंय? छत्री म्हणालो मी. तुझ्यासमोर बसून. आणि तू मला बोलू दिलंस. हसलीस तू!” त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. “मी असा नवरा आहे का, ज्याला हे सांगता येत नाही?”

हो म्हणावं तरी खोटं आणि नाही म्हणावं तरी खोटं. तो पुन्हा बटाटे सोलायला लागला, आस्ताला एका हातावर घेऊन, आणि ते काम तसं जमण्यासारखं नव्हतं, तरी ‘घे जरा हिला’ असं तो म्हणाला नाही.

शनिवारी तिनं पानावर एकच ओळ टाकली. ‘सातव्या भागात एकच गोष्ट खरी होती, आणि आपण सगळे नेमके तिलाच हसलो.’ लोक विचारत राहिले, कुठली, कुठली. यानिकेनं त्यावर लाल बदाम टाकला. सोल्वायनं तो बराच वेळ पाहिला आणि मग तिचं नाव पानावरून काढून टाकलं.

रविवारी फारमोर आली. केक आणला, कोपरा धरला. आठला पाच कमी असताना सोल्वाय म्हणाली, “मी आस्ताजवळ पडते. तुम्ही बघा.”

“तू? बघणार नाहीस?” फारमोरनं त्रोल्सकडे पाहिलं. “हिला ताप आहे का रे?”

“दमली आहे,” त्रोल्स म्हणाला. बुधवारपासून तो तिच्याशी दूध, पाळणाघर, कचऱ्याचा दिवस एवढंच बोलत होता.

भिंत पातळ होती. सोल्वाय अंधारात आस्ताच्या बाजूला पडून राहिली. सुरुवातीचं संगीत, बंदराचे आवाज, मग बरंच काही पुटपुटलेलं. मग बेकरीच्या दाराची घंटा. मग एका बाईचं बोलणं, आणि एका पुरुषाचं, “काय म्हणालीस?” तिनं श्वास रोखला. भांडण, पावलं, दार. कार्ना रडत होती.

“बरं झालं,” फारमोर म्हणाली. “गेला ते बरं केलं. अशा बाईपाशी पोर ठेवतात का?”

त्रोल्स काय म्हणतो याची सोल्वाय वाट बघत राहिली. त्याच्या आईला सगळं सांगून टाकायला आता एक वाक्य पुरलं असतं. गप्प बसून मान डोलवायला तर तेवढंही लागलं नसतं.

“आई, गप्प बस जरा,” त्रोल्स म्हणाला.

“अरे, मालिकाच आहे ती.”

“तरी.”

मग त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तो कार्नाचं रडणं ऐकू यावं म्हणून की आईचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून, हे भिंतीच्या या बाजूनं कळायला मार्ग नव्हता. आस्ता चाळवली. सोल्वायनं तिच्या कानावर हात ठेवला आणि नऊ वाजायची वाट पाहू लागली.