खांब दोन इंच बारीक झाला

"बोला, मेखलास्वामी महाराज की..."

"जय!"

श्रावणातल्या त्या रविवारी सकाळी आठ वाजताच बिबवेवाडीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हॉल लग्नाचा, पण नवरा-नवरीचा पत्ता नव्हता. आली होती ती नुसती पोटं. कुणाचं सदऱ्याची बटणं ताणणारं, कुणाचं पदराआड लपवलेलं, कुणाचं बाळंतपणानंतर राहून गेलेलं. ही सगळी पोटं आज मंत्राने उतरणार होती.

स्टेजवर निवृत्त शिक्षिका श्यामलाबाई उभ्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी महाराजांचा चेला यज्ञेश्वर याने पांढऱ्या टेपने त्यांची कंबर मोजून ओरडून सांगितली होती, "चाळीस!" मग त्यांना तीर्थ दिलं, केशरी मखमलीची मेखला बांधली, जप करवला. आता दोन्ही हात आकाशाकडे करून त्यांनी लांबलचक ओंकार लावला. ओंकार संपता संपता यज्ञेश्वराने भगवी टेप फिरवली आणि आरोळी ठोकली, "साडेछत्तीस!"

"अगंबाई!" श्यामलाबाई स्वतःच्याच पोटाकडे बघत राहिल्या. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

महाराज चौरंगावर बसल्या बसल्या डुलले. "बघा! डॉक्टर काय करतो? काट्यावर उभं करतो. काट्याला भक्ती असते का हो? लोखंड ते! आमची टेप बघा. सात नद्यांच्या पाण्यात भिजलेली, सव्वा लाख जपाची. पोटात चरबी नसते, माउली, साठलेलं पाप असतं. पाप जळलं की कंबर उतरते. टेप कधी खोटं बोलते का?"

"नाही!" हॉल गरजला.

स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात टेपांचं ताट धरून उभ्या असलेल्या दत्तोबांच्या दाढा एकमेकींवर घासल्या. टेप खोटं बोलते हे त्या हॉलमध्ये तिघांनाच ठाऊक होतं. महाराज, यज्ञेश्वर आणि दत्तोबा. दोघे त्यावर पोट भरत होते. तिसरा सात महिने गप्प होता.

दत्तोबा कसबा पेठेतले शिंपी. वय अडुसष्ट. अक्षर त्यांना पन्नाशीनंतर आलं. आकडा मात्र सात वर्षांचे असल्यापासून येत होता, कारण तो टेपवर होता. अर्ध्या पेठेच्या छात्या आणि कंबरा त्यांना तोंडपाठ. एकच कंबर त्यांनी कधी मोजली नाही, बायकोची. घरच्या माणसाचं माप कोण घेतं? जुनं पोलकं ठेवायचं आणि त्यावरून नवं बेतायचं.

आनंदीबाईंना मधुमेह होता. कार्तिकात कुणीतरी त्यांना महाराजांकडे नेलं. चार बैठकांत बेचाळीसची कंबर छत्तीसवर आली, असं महाराजांच्या कार्डावर लिहिलेलं होतं. ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं आणि गोळ्या कोनाड्यात.

"अगं, मी बघू का मोजून?" दत्तोबांनी एकदा विचारलं होतं.

"राहू द्या. तुमच्या टेपला मंत्र कुठाय?" आनंदीबाई हसून म्हणाल्या, आणि दत्तोबाही हसले. त्या हसण्याची त्यांना आता शिसारी येत असे.

पौषात पायाला साधा खडा लागल्याचं निमित्त झालं. पाय काळा पडला, साखर भडकली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आनंदीबाई गेल्या. नर्सने त्यांचे कपडे गाठोडं बांधून हातात दिले. घरी येऊन दत्तोबांनी गाठोडं सोडलं. वर परकर होता. त्याच्या नाडीवर गाठीची चुरगळलेली खूण होती. वर्षानुवर्षं एकाच जागी गाठ मारल्यावर पडते तशी. दुसरी खूण शोधायला त्यांनी नाडी बोटांतून तीनदा फिरवली. नव्हतीच. कंबर सहा इंच उतरली असती, तर गाठ सरकायला नको?

बाई गेली होती. नाडी खोटं बोलत नव्हती.

महाराजांकडे उत्तर तयार होतं. "दवाखान्यात मेखला सोडली ना? व्रत मोडलं. आम्ही काय करणार, माउली!" दत्तोबांची मुलगी वासंती, बिबवेवाडीतच दिलेली आणि आईसारखीच मधुमेहाने गाठलेली, हे ऐकून बापाकडे अशा नजरेने बघू लागली, जणू आईला दवाखान्यात नेणारा बापच दोषी. 

त्याच आठवड्यात दत्तोबा महाराजांच्या पायावर जाऊन पडले. म्हणाले, "शिंपी आहे. मेखला शिवीन. फुकट." फुकट म्हटल्यावर महाराजांनी आशीर्वाद द्यायला वेळ लावला नाही.

सूड म्हणजे शिवणच. घाईने घातलेला टाका उसवतो. दत्तोबा सात महिने मान खाली घालून मखमल शिवत राहिले आणि बघत राहिले.

पहिल्या महिन्यातच त्यांना मठाच्या मागच्या खोलीत टेपा दिसल्या. दोरीवर ओल्या लटकत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला वीट बांधलेली. जुन्या कापडी टेपा! कापडी टेप वापरून सैल पडते, लांबते. लांबलेल्या टेपवर सगळं जग बारीक दिसतं. म्हणून तर शिंप्यांत रीत होती: खंडेनवमीला कात्री, मशीन, इस्त्री पुजताना टेप लोखंडी गजाला लावून बघायची. वाढली असेल तर तिथेच मधोमध कापून टाकायची, कारण अख्खी टाकली तर कुणीतरी उचलून वापरतो.

दत्तोबा पुढे सरकले. तिसऱ्या टेपवर, सव्वीसच्या आकड्यापाशी, इस्त्रीचा तपकिरी डाग होता. भगव्या रंगातूनही दिसत होता.

ते खाली बसले. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक गोड बोलणारा तरुण दुकानात आला होता. "मास्तर, जुन्या टेपा आहेत का? देवाच्या सेवेला हव्यात." दत्तोबांनी टेप गजाला लावलेली होती, पाऊण इंच वाढलेली होती, कात्री हातात होती. चांगली टेप कापायची कशाला, देवाला तरी जाईल, म्हणून त्यांनी ती अख्खी दिली. तो तरुण यज्ञेश्वर होता. आणि ज्या टेपने आनंदीबाईंना ठार केलं, ती त्यांच्याच गळ्यात वीस वर्षं लटकलेली होती.

त्या दिवसापासून त्यांना नुसता मठ बंद करायचा नव्हता. भरल्या हॉलमध्ये, हजार डोळ्यांसमोर या महाराजाला उघडं पाडायचं होतं. असा दिवस आज होता. औषधविसर्जन! माप उतरलं की भक्ताने आपली औषधं समोरच्या हंड्यातल्या तीर्थात बुडवायची. दत्तोबांनी ठरवलं होतं, शेवटी महाराज आपल्याला सेवेबद्दल शाल द्यायला बोलावतील, तेव्हा बोलायचं. लोखंडी गज त्यांनी गवसणीत घालून काठीसारखा सोबत आणला होता.

"पुढचे!" यज्ञेश्वर ओरडला.

रांगेतून पुढे आली ती वासंती. हातात बर्फाचा छोटा डबा. त्यात इन्शुलिन.

दत्तोबांच्या हातातलं ताट कलंडलं. ते पुढे झाले. "तू? तू इथे कशी?"

वासंतीने त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या नजरेत माया होती. "अप्पा, तुम्ही इथे सेवा करता म्हणूनच तर आले. म्हटलं, माझा शिंपी बाप ज्या टेपवर विश्वास ठेवतो, ती खोटी कशी असेल?"

सुडाची शिवण इतकी बारीक बेतली, की आपल्याच लेकीचा गळा त्यात आवळला जातोय हे दिसलं नाही!

"एकेचाळीस!" यज्ञेश्वराने पांढऱ्या टेपने तिचं पहिलं माप घेतलंही होतं. शालीची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता.

"महाराज," दत्तोबा माईकपाशी गेले, "सेवेकऱ्याची एक इच्छा आहे. या खांबाला आशीर्वाद द्यावा."

"खांबाला?" महाराज हसले. हॉलही हसला.

स्टेजच्या कडेला सिमेंटचा गोल खांब होता. दत्तोबांनी त्याच्याभोवती पांढरी टेप फिरवली. "अहो श्यामलाबाई, तुम्ही मास्तरीण. या, वाचा."

"अडतीस," श्यामलाबाईंनी चष्मा सावरून वाचलं.

दत्तोबांनी खांबावर तीर्थाचा शिंतोडा मारला, तिथेच भगवी टेप फिरवली. "आता?"

"छत्तीस." त्या थबकल्या. पुन्हा वाकून बघितलं. "अहो, छत्तीसच!"

"खांब दोन इंच बारीक झाला हो!" दत्तोबा माईकवर म्हणाले. "याने कोणतं पाप केलं होतं, महाराज? की एका शिंतोड्यात चरबी जाळली?"

कुणीतरी मागून ओरडलं, "खांबाला मेखला बांधा, नाहीतर छत खाली येईल!" हशा पिकला.

"मास्तर वेडे झालेत! बाहेर काढा!" यज्ञेश्वर धावून आला. दत्तोबांनी गवसणी उपसली, तेव्हा गज पाहून तो जागीच थांबला.

"भिऊ नकोस, मारायला नाही आणला. छत्तीस इंच आहे. बघा लोकहो, पांढरी टेप गजाला बरोबर बसते. आता ही भगवी." टेपवर गज चौतीसला संपला. "दोन इंच टेपने चोरले. उरलेले कुठे गेले ते दाखवतो. वासंती, इकडे ये."

ती आली. डबा अजून हातातच होता.

"पहिलं माप कुठे घेतात? खाऊनपिऊन आलेल्या माणसाचं, कपड्यांवरून, पोट सगळ्यात पुढे आलेलं असतं तिथे, टेप सैल सोडून. दुसरं कुठे? वर, बरगडीखाली, जिथे बाई मुळातच बारीक असते. वर हात करायला लावतात, त्याने पोट आत ओढलं जातं. ओंकाराने श्वास पार संपतो. मग टेप आवळायची. चार इंच गेलेच म्हणून समजा! मला पस्तीसचं गिऱ्हाईक एकतीसचं दाखवायला सांगा, मंत्राशिवाय दाखवतो. पण त्याची चड्डी मग त्यालाच येणार नाही!"

महाराज उठले. "तुझ्या बायकोने व्रत मोडलं म्हणून तू..."

"तिचं नाव काढू नका!" दत्तोबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. खिशातून त्यांनी परकराची नाडी काढली. "सहा इंच उतरली म्हणालात. ही तिची नाडी. गाठीची खूण एकच आहे. तसूभर सरकलेली नाही. आणि ही भगवी टेप कुणाची माहीत आहे? माझी! हा सव्वीसवरचा डाग माझ्या इस्त्रीचा. खंडेनवमीला कापायची ती मी कापली नाही, देवाला म्हणून दिली. तुम्ही ढोंगी आहात, आणि मी हातात गज असून बायकोला न मोजणारा मूर्ख. आता उभे राहा नीट. हात वर! म्हणा ओम्!"

आणि काय नवल, सवयीने म्हणा नाहीतर हजार डोळ्यांच्या धाकाने म्हणा, महाराजांचे हात वर गेले. दत्तोबांनी त्यांच्या कमरेची मेखला सोडली, पांढरी टेप फिरवली.

"एकोणपन्नास! पापाचा डोंगर, लोकहो! स्वतःची टेप स्वतःला लागू पडत नाही!"

आधी हसू फुटलं, मग चपला हातात आल्या. दत्तोबा आडवे आले. "मारू नका. माराल तर उद्या ह्याचा फोटो पूजेला लागेल. हसा! एवढे हसा, की गावोगावी ह्याच्या आधी तुमचं हसू पोचलं पाहिजे."

लोक हसले. पोटं हलेपर्यंत हसले. तोवर कुणीतरी चौकीला फोन केला होता. त्या हसण्यातून महाराज मान खाली घालून पोलिसांच्या गाडीत बसले, तेव्हा दत्तोबा त्यांच्याकडे बघत दाराशी उभे होते. त्यांना त्यातला क्षण न् क्षण हवा होता. पुढे महाराजांना येरवड्याचा पाहुणचार मिळाला आणि भगवी टेप पुराव्यात जमा झाली.

हॉल रिकामा झाल्यावर वासंती हंड्याजवळ बसली होती. डबा मांडीवर होता.

"अप्पा, सुई घ्यायची वेळ झालीय," ती म्हणाली. मग डबा उघडता उघडता, "आईला मीच कार्ड दाखवून हुरूप द्यायचे."

दत्तोबा तिच्या शेजारी बसले. सूड पुरा झाला होता, आणि त्यात आनंदीबाई कुठेच नव्हत्या.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला दत्तोबांनी टेप गजाला लावली. पाव इंच वाढली होती. त्यांनी ती मधोमध कापली आणि पूजेला आलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "ऐका, फुकट सांगतोय, मंत्र नाही. सकाळी पोट मोकळं झाल्यावर, काही खाण्याआधी, उघड्या अंगावर मोजा. शेवटची बरगडी चाचपा, खाली कमरेच्या हाडाचं टोक चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप फिरवा. मागून खाली घसरू देऊ नका. कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. पोट आत घेऊ नका, नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. दर वेळी तीच जागा, तीच वेळ, तीच टेप. आणि औषध बंद करायचं ते डॉक्टर सांगेल तेव्हा, टेप सांगेल तेव्हा नाही."

मग नवी टेप गजाला लावून, तपासून, त्यांनी ती वासंतीच्या हातात दिली. तिने आतल्या खोलीत जाऊन माप घेतलं. दोन महिने ती रोज पर्वतीपर्यंत चालत होती, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच खात होती, सुया चुकवत नव्हती. औषधविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नीट घेतलेलं माप होतं एकोणचाळीस.

ती बाहेर आली. "साडेअडतीस. अप्पा, दोन महिन्यांत अर्धाच इंच?"

"अर्धाच," दत्तोबा म्हणाले. "पण हा आपला आहे. जो अर्ध्या तासात चार इंच देईल, त्याला आधी खांब मोजायला सांग."