बुजवलेलं भोक

"भोक बुजवू नकोस हं. वाट बंद केली की गांधीलमाश्या दुसरी कुरतडतात," शेजारी एकट्या राहणाऱ्या शिंपीणकाकू कुंपणावरून म्हणाल्या होत्या. शिकलेली मी, मला कोण शिकवणार! "बघते काकू," म्हणाले आणि पुट्टीचा डबा उघडला.

त्याच सकाळी बागेतल्या शेडमध्ये, फळीमागे गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं होतं. सापडलं म्हणजे, माझ्या दोन वर्षांच्या लेकीने झारी ओढली आणि माश्यांनीच तिला गाठलं. पापणीवर एक डंख, ओठावर एक. डोळा पार मिटला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. घाबरतेय कोण? मला सूड हवा होता.

"औषध मारणारा परवा येतोय," नवरा म्हणाला.

"तोवर काय, पाहुणचार करू त्यांचा?"

"अगं, त्या काय तुझ्या नणंदा आहेत?"

"नणंदांना माफ केलंय मी. यांना नाही करणार."

भर दुपारी रेनकोट चढवला, डोक्याला मच्छरदाणी गुंडाळली आणि फळीतलं ते बोटभर भोक लिंपून टाकलं. वरून पत्रा ठोकला. बाहेर राहिलेल्या घिरट्या घालत परत आल्या, त्यांना चपलेने आडवं केलं. मग फळीला कान लावला. आत नुसता कल्लोळ. सांगायला लाज वाटते, पण इतकं गोड बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

"मरा," मी फळीला म्हणाले. "सावकाश मरा."

लेकीला बागेच्या आसपासही ठेवायचं नव्हतं. म्हणून त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारीही तिला काकूंच्या शिवणाच्या खोलीत सोडलं, चिंध्यांशी खेळायला. त्या खोलीत आणि आमच्या शेडमध्ये फक्त प्लायवूडची एक भिंत आहे, पोळ्याच्या फळीमागचीच. रोज बघत होते मी ती. रागाच्या भरात तेवढीच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास काकूंचं मशीन थांबलं आणि लेकीने किंकाळी फोडली. मी धावले. दार किलकिलं झालं. अस्तराच्या कापडात डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलेली लेक काकूंनी माझ्या हातात सरकवली आणि दार लावून घेतलं.

"काकू, तुम्ही?"

"बरी आहे गं. दोन-चार आल्यात सांध्यातून, हाकलते. हिला ने आधी."

घरी नेऊन लेकीला उलटसुलट तपासलं. एकही नवा डंख नाही. तिला नवऱ्याकडे दिलं, फवारा उचलला आणि धावले कुठे? शेडकडे! अजून जिवंत आहेत म्हणजे काय! पत्रा उचकटला, पुट्टी फोडली आणि फवाऱ्याचा डबा रिकामा होईस्तोवर मारत राहिले.

अर्ध्या तासाने नवऱ्याने काकूंचं दार ढकललं. त्या मशीनपाशी कोसळलेल्या. मान, हात, चेहरा डंखांनी भरलेला, श्वासाची घरघर.

वाचल्या त्या. चार दिवसांनी आज घरी आल्यात. मी जाऊन त्यांचे पाय धरले, तर म्हणतात, "बरी आहे गं."

तुमच्याही भिंतीपलीकडे असं कुणी एकटं राहत असेल. हे वाचून झालं की उठा, दार वाजवा. आतून "बरी आहे" आलं, तर परत फिरू नका. दार उघडायला लावा आणि तोंड बघा.