काचेवरची मूठ

"अजून एक पीळ! तार वाजल्याबगर सोडायची न्हाई!"

हा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या छातीवर बोल्ट आवळायचा पाना फिरत होता आणि कुंडलिक स्वतःलाच बजावत होता.

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. येडगाव धरणाच्या पाण्यात फिरणाऱ्या एका शिडाच्या नावेवर, अगदी पुढे, वाऱ्याच्या तोंडाशी मला बसवलं आहे. काच म्हणायचं आपलं. खरी मी अ‍ॅक्रिलिकची. पण एवढं विचारतो कोण?

नारायणगावात पाट्या करणाऱ्याच्या दुकानात मला कापलं. माझ्याच अंगाचा दुसरा तुकडा मिसळवाल्याची पाटी झाला. तो पोटात दिवे लावून मिरवतो. माझ्या नशिबी ऊन, शेवाळाचे शिंतोडे आणि माणसांची भांडणं.

नाव दोघांच्या भागीतली. एक रोहिणी, दुसरा तिचा धाकटा चुलतदीर कुंडलिक. रोहिणी वरच्या अंगाच्या मढ गावची लेक, पाण्यात वाढलेली. शीड आणि सुकाणू तिच्या हातात. पाहुण्यांना चढवायचं-उतरवायचं काम कुंडलिकचं. पहिले दिवस गोड होते. मढकडून वारा सुटला की रोहिणी गुणगुणायची:

वाऱ्या माझ्या बंधू, ये रे शिडाच्या माहेरी,
येताना हळू ये, लाट ठेव रे बाहेरी.

साबणाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून ती मला पुसायची. पाहुणे म्हणायचे, "अरे, इथं काच आहे हेच कळलं नाही!" माझ्या जातीची याहून मोठी स्तुती नसते.

मग एके दिवशी, रोहिणी बाजाराला गेलेली असताना, कुंडलिक एक पोलादी मूठ घेऊन आला. तो वारूळवाडीचा. द्राक्षबागांच्या मांडवांच्या तारा ओढण्यात त्याचा जन्म गेलेला. तार बोटानं छेडली की खणखणली पाहिजे, ही त्याची रीत. त्याच रीतीनं त्यानं मला बोल्टच्या मापाची घट्ट भोकं पाडली, मूठ लावली आणि दात-ओठ खाऊन आवळली.

पण मी तार नाही. उन्हात मी फुगते, थंडीत आक्रसते. बोल्टभोवती मला जराशी मोकळी जागा लागते, खाली रबरी वायसर लागतो. त्यानं मला श्वासापुरतीही जागा ठेवली नाही. एप्रिलच्या भर उन्हात माझ्या आतून 'टक्' असा आवाज आला. वरच्या भोकापासून एक तडा निघाला.

रोहिणी कडाडली, "भावजी, ही मूठ कुणी सांगितली व्हती?"

"पावण्यांसाठी बसवली. धरायला काय नको व्हय?"

"पावणं मूठ धरत्यात? पावणं मोबाईल धरत्यात!"

"तुमाला काय, तुमी मासोळीच्या पोटच्या!"

"आन् तुमी? सगळ्यांना लाईफ जॅकेट घालता, सवता तेवढं घालत न्हाई!"

"मी नदीकाठचा गडी हाय, वैनी. मला कशाला त्या फुगलेल्या उश्या?"

त्या दिवसापासून अबोला. नाव एक, तोंडं दोन दिशांना. बोलायचं झालं तर मध्ये मी.

"काचे, सांग त्या मानसाला, दोरी सोड म्हणावं."

"काचबाई, सांगा वैनीसायबांना, दोरी कवाच सोडली. डोळं उघडून बगा म्हणावं."

गाणं बंद झालं. मला पुसणंही बंद झालं. माझ्यावर धूळ साचली, आणि मनात कुंडलिकविषयी विष. त्या मुठीला पाहुणे क्वचितच हात लावायचे. हा मात्र नाव पाण्यात शिरली की तिला चिकटायचा. नाव जरा कलली की अशी आवळायचा, की तडा केसभर पुढं सरकायचा. त्याचा तळवा थंडीतसुद्धा ओला असायचा. पाहुण्यांपुढं छाती काढणारा हा माणूस मला पाठमोरा धरून उभा राहायचा, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

तडा चौकटीला टेकला असता तर मी भंगारात गेले असते आणि नाव ऐन हंगामात खुंट्याला बांधून पडली असती. म्हणून आज सकाळी रोहिणीनं मला उतरवलं. मूठ काढून काठावर फेकली. माझ्या पाठीशी लाकडाची फळी धरून, अगदी सावकाश ड्रिल फिरवत, तड्याच्या टोकाला एक बारीक गोल भोक पाडलं. तिथं तडा थांबला. मग तिनं मुठीच्या जुन्या भोकांच्या कडा घासून साफ केल्या. कितीतरी दिवसांनी माझं अंग मोकळं झालं.

मित्रांनो, मला बसवायचं तर जरूर घट्ट बसवा, पण हलायला जागा ठेवा. वायसर विसरू नका. मला थिनरनं पुसू नका. आणि हात थरथरत असेल, तर त्या हातानं पाना फिरवू नका.

"काचे, सांग त्या मानसाला," रोहिणी मोठ्यानं म्हणाली. "आता ही भोकं मी बुजवते. मूठ परत बसायची न्हाई. ज्याला नाव फोडायचीय त्यानं काठावरच बसावं. भागी मोडली!"

कुंडलिक काठावर उभा होता. वाकून त्यानं चिखलातली मूठ उचलली, सदऱ्याला पुसली. मला वाटलं, आता हा मलाच काहीतरी सांगणार.

"वैनी," तो म्हणाला. मला नाही, तिला. रोहिणीचा हात थांबला.

"मूठ पावण्यांसाठी नव्हती वो. मला पवायला येत न्हाई."