टाटा नाही, येजो!

मंडळी, भांडण कशावरून लागेल याचा काही नेम आहे का? घरात मिठावरून लागतं, ऑफिसात पंख्याखालच्या खुर्चीवरून लागतं. पण अकोल्याच्या एका शाळेच्या वर्गात त्या सकाळी भांडण लागलं होतं ते हात हलवण्यावरून! चांदूर बाजारच्या पूर्णा क्रीडा मंडळाच्या पोरी तिथं उतरल्या होत्या. संध्याकाळी कबड्डीची फायनल, आणि सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत सगळ्यांच्या हातात मोबाईल अन् कपाळावर आठ्या.

झालं होतं असं. सामने ज्या मैदानावर चालले होते, त्याच्या अंगालाच एक दवाखाना होता. लहान मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या सरळ मैदानावर उघडत. पहिल्याच दिवशी कोण्या भल्या माणसाच्या मनात आलं, मध्यंतरात सगळ्यांनी तिकडं वळावं, मोबाईलचे टॉर्च लावावे आणि आजारी पोरांना हात हलवावा. माईकवर बोलणारा ओमप्रकाश म्हणजे आधीच उत्साही गडी. त्यानं ती कल्पना उचलून धरली. "बोला, टाटा! जोऱ्यानं, टाटा!" दुसऱ्या दिवशी अख्खं मैदान टाटा करू लागलं. व्हिडिओ गावोगाव फिरला. आणि त्या व्हिडिओत हजारो हातांच्या जोडीला आणखी एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. नारिंगी जर्सीतल्या पूर्णाच्या पोरी खिडक्यांकडं पाठ करून पाणी पीत बसल्या होत्या.

मग काय विचारता! लोकांच्या तोंडाला का झाकण असतं?

"वाचून दाखवू का?" मनकर्णा म्हणाली. ही संघातली सगळ्यात भक्कम पकड, पण मनानं लोण्याची. "‘दगडाच्या काळजाच्या पोट्ट्या.’ अन् हे पाय, ‘हात हालवला असता तं झिजला असता का?’ ताई, माह्या मामाचाही फोन आला वं."

"ठेव तो मोबाईल!" कर्णधार प्रणाली खेकसली. तिच्या नाकावर राग नेहमीच बसलेला. "ते हात पोराइसाठी हालून राहिले का व्हिडिओसाठी? निम्म्या लोकाइचं तोंड खिडकीकडे नव्हतं, स्वतःच्याच मोबाईलात होतं. अशा सोंगात मले नाही जायचं."

"बरोबर," कोच उत्तमराव म्हणाले. ते एके काळचे नावाजलेले चढाईबाज. "मध्यंतर माहं हाय. तेवढ्यात मले डाव सांगायचा असते. अन् आज टाटा करा, उद्या एखादा पुढारी येईन, खिडकीखाली बॅनर लावीन, आपल्या पोरीइले बाजूले उभं करीन. आपुन खेळाले आलो, खेळू अन् जाऊ."

झालं, निकाल लागला. पण प्रणालीचं मन काही ठिकाणावर येईना. बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आपण बरोबर आहोत तर मग आत ही कसली टोचणी लागली आहे? बरोबर माणसाला तर झोप लागते म्हणतात! तिला रात्रभर लागली नव्हती.

सकाळच्या हलक्या सरावात मनकर्णाचं बोट मुरगळलं. शेजारीच दवाखाना, म्हणून प्रणाली तिला घेऊन गेली. मनकर्णा आत पट्टी बांधून घेत होती, आणि ही बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात हातात डबा घेतलेली एक म्हातारी तिच्यासमोर येऊन थांबली. जर्सीकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं.

"तूच ना वं ते? पाठ करून पाणी पेणारी?"

घ्या! इथंही व्हिडिओ पोचलाच होता. प्रणालीनं कंबर कसली. "आजी, आमाले सामन्यात..."

"भांडाले नाही आली मी, बेटा," म्हातारी म्हणाली. "मी अचलपूरची कुलसुमबी. माही नात यास्मीन इथं भरती हाय. मले एवढंच सांगायचं, खुदा के वास्ते तेवढा तो टाटा बंद करा."

प्रणाली पाहतच राहिली. "कावून? पोराइले आवडत नाही का?"

कुलसुमबीनं डबा बाकावर ठेवला. यास्मीनच्या पायाच्या हाडात पू झाला होता. अमरावतीहून तिला इथं पाठवलं होतं. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं उद्या सकाळी होतं.

"आतापरेंत पोट्टी हिमतीची होती बाप्पा. डॉक्टरशी मस्करी करे. पण तो टाटा सुरू झाला तवापासून भिंतीकडे तोंड करून पडली. जेवत नाही, ऑपरेशनले जातच नाही म्हणते. मले विचारते, नानी, सारं गाव मले टाटा कावून करून राहिलं? मी कोठी चालली?"

प्रणालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. अहो, आपल्याकडं साधं दुकानात निघालेलं पोरगं "जातो" म्हणालं तरी आई ओरडते, "येतो म्हण रे!" पाहुणा निघाला की आपण दारात उभं राहून "येजो बरं!" म्हणतो. आणि तीच आपण माणसं, ऑपरेशनची वाट पाहत पडलेल्या लेकरांना दिवे लावून निरोप देत होतो! कोणाच्या मनात पाप नव्हतं. पण कोणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं.

"पाहा!" प्रणालीला एकदम बळ आलं. "तो सारा दिखावाच हाय, म्हणूनच आमी नाही केला टाटा. बरंच झालं!"

"बरं कायचं झालं?" म्हातारीचा आवाज चढला. "त्याइनं चुकलं का होईना, तोंड तं इकडे केलं! तुमी तं पाठ केली. दिखावा हाय म्हणतं, कबूल. मंग तुमी बिनदिखाव्याचं करा! तुमचा कोणी हात धरला का? दुसऱ्याचं खोटं हाय म्हून आपुन खरंही करायचं नाही, हा कोणचा इन्साफ?"

"पण आजी, आमी साध्या खेळाडू. आमी हात हालवल्यानं पाय बरा होते का?"

"पाय डॉक्टर बरा करीन. पण त्या खोलीत जायची हिंमत का सलाईनमधून देते तो? बेटा, तिची खाट खिडकीपासून लांब हाय. तिले दिसत नाही, पण तुमचे सारे सामने ते कानानं खेळली. लोकं ‘मेली, मेली’ वरडत, तं मी कानावर हात ठेवो. दवाखान्यात असं ऐकवते का? तं तीच मले समजावे. नानी, भेऊ नको, कबड्डीत मेलेली मरत नाही. तिच्या बाया तिले वापस बोलावतेत." कुलसुमबीनं ओढणीच्या पदरानं डोळे पुसले. "लोकाइचं सोड. जे खेळतेत, त्याइनं पाठ केली ना, ते जास्त लागते वं."

प्रणालीनं बाकावरचा डबा उचलला. ती म्हातारीच्या मागोमाग वॉर्डात गेली.

यास्मीन भिंतीकडं तोंड करून पडली होती. अकरा वर्षांची पोर, पण उशीवर दिसत होती ती नुसती एक वेणी. नानीनं सांगितलं, पूर्णाची कॅप्टन आली. वेणी हलली, तोंड काही वळलं नाही.

"तुमच्यातली मेली का तुमी तिले कशी बोलावता?" भिंतीकडूनच आवाज आला.

पूर्णाच्या पोरींची त्याची एक रीतच होती. गुण मिळाला, बाहेर बसलेली गडीण जिवंत झाली, की सगळ्याजणी मांडीवर एक थाप मारायच्या आणि अख्खा हात आपल्याकडं ओढून म्हणायच्या, "ऊठ वं, ये!" प्रणालीनं तिथंच थाप मारली, हात ओढला. शेजारच्या खाटेवरचं पोरगं खुदकन हसलं.

यास्मीननं मान वळवली. डोळे सुजलेले. "लंगडी असली तरी बोलावता?"

प्रणालीची नजर पांघरुणाखालच्या पायाकडं गेली. तेवढ्यात दारातून मनकर्णाची हाक आली. निघताना प्रणालीचा हात सवयीनं वर गेला टाटा करायला, आणि तसाच हवेत अडकला. ती तो खाली घेऊन झपाझप बाहेर पडली.

दुपारभर तिला चैन पडेना. तिनं उत्तमरावांना सगळं सांगितलं. पोरींनी हातातले मोबाईल खाली ठेवले. पण उत्तमराव मान हलवत राहिले.

"मनाले लागलं, मान्य. पण तू आज हो म्हटलं का उद्या पुढाऱ्याले नाही म्हणता येईन का तुले?"

"येईन, सर! नाही म्हणायचं तिथं नाही म्हणू. पण ये म्हणायचं तिथं तं म्हणू द्या!"

"कर मंग तुह्या मनाचं," ते तोडून बोलले. "पण फायनल हारली तं माह्याकडे पाहू नको."

मग ती ओमप्रकाशकडं गेली. आज टाटा नाही, टॉर्च नाही, मोबाईल सगळ्यांनी खिशात ठेवायचे, आणि माईक क्षणभर मला द्यायचा. ओमप्रकाशचा चेहरा पडला. "व्हिडिओ नाही तं लोकाइले समजन कसं, ताई?"

"ज्याइले समजाले पाह्यजे ते वरते खिडकीत हायेत," ती म्हणाली. आणि यास्मीनचा प्रश्न तिनं त्यालाही सांगितला, "मी कोठी चालली?" गडी बडबड्या होता, पण बाप होता. त्यानं माईक पुढं केला.

फायनल अकोल्याच्याच संघाशी, त्यामुळं मैदान खच्चून भरलेलं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा पूर्णा चांगलीच मागं पडली होती. उत्तमराव टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते, तोंड आंबट करून. प्रणालीनं घाम पुसला, माईक हातात घेतला.

"मंडळी, मोबाईल खिशात ठेवा. त्या लेकराइचे फोटो नका काढू. अन् त्याइले टाटा नका करू. आपुन टाटा कोणाले करतो? जाणाऱ्याले! त्याइले कोठीच जायचं नाही. त्याइले इकडे यायचं हाय. आमच्यात मेलेल्या गड्याले आमी जसं बोलावतो, तसं आज त्याइले बोलावतो."

सात जणी खिडक्यांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मनकर्णानं पट्टी बांधलेल्या हातानंच थाप मारली. "ऊठ वं, ये! ऊठ रे, ये!"

मैदान चिडीचूप. कोणाला काही उमगेना. हसं होतं की काय! तेवढ्यात मागून एक थाप ऐकू आली, अस्सल जुन्या गड्याची, खणखणीत. तिनं वळून पाहिलं. उत्तमराव! टॉवेल खाली पडलेला, हात खिडकीकडं पसरलेला. "ऊठ रे बाप्पा, ये!"

मग काय, सारं मैदानच उठलं! मांड्यांवर थापा पडल्या, हात पुढं झाले. ओमप्रकाशला माईकही लागला नाही. तो नुसत्या गळ्यानं ओरडला, "खेळाले येजो रेऽऽ!" आणि अकोल्याच्या त्या मैदानानं एकाच आवाजात उत्तर दिलं, "येजोऽऽ!"

वर खिडक्यांत डोकी जमली. एका खिडकीशी कोणी तरी खाट ढकलत आणली. कुलसुमबीची पांढरी ओढणी प्रणालीनं ओळखली. तिच्या पुढं एक वेणी होती, आणि आज तिचं तोंड मैदानाकडं होतं. यास्मीननं आपल्या चांगल्या पायाच्या मांडीवर थाप मारली. एवढ्या लांबून ऐकू कुठली येणार? पण दिसली. प्रणाली तिथंच रडली, लाज न बाळगता.

सामना पूर्णा हरली. थोडक्यात हरली, पण हरली. परतताना गाडीत कोणी तरी मध्यंतराचा विषय काढला, तर उत्तमराव गुरकावले, "हारलो ते पकडीत हारलो. त्या मध्यंतराचं नाव नाही घ्यायचं कोणी." दुसऱ्या दिवशी कुलसुमबीचा फोन आला. पोट्टी स्वतःहून ऑपरेशनला गेली, आणि जाताना नानीला सांगून गेली, "येतो."

इथं गोष्ट संपली असती, तर ती नुसती गोड गोष्ट झाली असती. पण हिवाळ्यात एका संध्याकाळी चांदूर बाजारच्या मैदानाशी एक ऑटो थांबला. आधी कुबडी बाहेर आली, मग वेणी, मग कुलसुमबी.

"तुमी बोलावलं होतं ना?" यास्मीन म्हणाली.

सराव थांबला. पोरी एकमेकींकडं पाहू लागल्या. आता हो? एवढ्या मैदानाच्या देखत "ये" म्हटलं होतं. ही तर खरंच आली! हिला धावता येत नाही, हिला करायचं काय? हळूच कोणी तरी म्हणालं, "खुर्ची आणा वं तिले." यास्मीनचा चेहरा उतरला. खुर्चीवर बसायला ती अचलपूरहून आली नव्हती.

प्रणालीला दवाखान्यातला तो प्रश्न आठवला, ज्याचं उत्तर तिनं दिलं नव्हतं. ती पुढं झाली, यास्मीनचा हात धरला आणि तिला रेषेच्या आत, आपल्या शेजारी उभं केलं.

"हाव, लंगडी असली तरी बोलावतो," ती म्हणाली. "अन् आजपासून मेलेलीले वापस बोलवायचं काम तुहं. तू बोलावल्याबिगर कोणी उठणार नाही."

सराव पुन्हा सुरू झाला. पहिल्याच चढाईत मनकर्णा बाद झाली आणि बाहेर जाऊन बसली. थोड्या वेळानं गुण मिळाला. कोणीच हललं नाही. सगळ्याजणी यास्मीनकडं पाहत होत्या. यास्मीननं कुबडी काखेत घट्ट दाबली, मांडीवर सणसणीत थाप मारली आणि हात ओढला.

"ऊठ वं, ये!"

तेव्हा मंडळी, दुःखात असलेल्या माणसाकडं पाठ करू नका, दुसऱ्याचा दिखावा हे त्याला कारण होत नाही. हात जरूर करा, खेळाडूंनी तर आधी करा! पण तो हात निरोपाचा नसावा, बोलावण्याचा असावा. आणि एकदा "ये" म्हटलं, की आपल्या रेषेच्या आत थोडी जागाही करून ठेवा.