बिनचावीची तोटी

"ह्याची चावी कुठंय?" आईने विचारलं.

ती रस्त्याच्या कडेला वाकून उभी होती. समोर दगडी भिंतीत बसवलेल्या पितळी तोटीतून मनगटाएवढी धार खालच्या कुंडीत पडत होती. आईने तोटीवरून हात फिरवला, मग तोटीच्या खालून, मग भिंतीला वळसा घालून पलीकडे पाहून आली. बसमधून उतरून आम्ही अजून घरीही पोचलो नव्हतो. तिच्या एका हातात गावाहून आणलेल्या पोळ्यांचं गाठोडं होतं आणि ते ती खाली ठेवायला तयार नव्हती.

"आई, चल ना. घर हे काय, वरच आहे."

"अगं, कुणीतरी उघडा टाकून गेलंय. चावी सापडू दे, बंद करते नि येते."

समोर रिफ्की उस्तादांचं सुऱ्यांचं दुकान आहे. बुर्सा शहरात कामाला आल्यापासून मी त्यांना रोज सलाम करते. ते धार लावायचं काम सोडून बाहेर आले.

"काय हरवलं मावशी?"

"चावी हो, ह्या नळाची. तुमच्या दारात पाणी वाहून चाललंय आणि तुम्ही खुशाल आत बसलाय!"

"ह्याला चावी नाही."

"नाही म्हणजे? मोडली?"

"कधी नव्हतीच. माझ्या पणजोबांनी दुकान टाकलं तेव्हा हे असंच वाहत होतं. डोंगरातून येतं, खाली जातं."

"रात्रीसुद्धा?"

"रात्री काय मावशी, सुलतान वारला त्या दिवशीसुद्धा कुणी थांबवलं नसेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. म्हातारा थट्टा करतोय का, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून ताडायचं होतं. मी हसत नाही असं पाहून तिने गाठोड्यातून आपला पत्र्याचा पेला काढला, धारेखाली धरला. पाणी इतकं गार होतं की तिचे डोळे बारीक झाले. अर्धा पेला प्यायली. उरलेला अर्धा तिने कुंडीत ओतला नाही, दुकानाच्या पायरीवरच्या जिरेनियमच्या झाडाला घातला.

रिफ्की उस्ताद हसायला लागले होते, ते तिथेच थांबले.

माझ्या आईचं नाव एल्मास. कोन्याच्या मैदानात, करापनारच्या पलीकडे आमचं गाव आहे. गावच्या शाळेत ती सत्तावीस वर्षं सफाईचं काम करत होती. शाळेच्या अंगणात अकरा नळ होते. पाणी दिवसातून दोन तास यायचं. सुट्टीत मुलं तोंड लावून पीत आणि नळ तसाच सोडून पळत. आई मागून जाऊन एकेक बंद करायची. चावी घट्ट पिळायची आणि मग नळाच्या तोंडाखाली बोट धरून बघायची, थेंब येतो का. आला तर पुन्हा पिळायची. मुलं तिला नळवाली म्हणत. मीही त्याच शाळेत होते. सुट्टीत ती अंगणात आली की मी पाठ फिरवून उभी राहायचे.

निवृत्त झाल्यावरही ती संध्याकाळी शाळेत एक फेरी मारून यायची.

आमच्या मैदानात मका आणि बीट पिकवायला पाणी उपसून उपसून जमीन आतून पोकळ झाली आहे. कुठेतरी अचानक खचते आणि विहिरीपेक्षा कितीतरी मोठं भगदाड पडतं. त्या वर्षी मार्चमध्ये असं एक भगदाड आमच्या घरापासून चारशे पावलांवर पडलं. ती पावलं आईनेच मोजली आणि फोनवर सांगितली, आज अंडी किती मिळाली हे सांगावं तशी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी इथे टॉवेलच्या कारखान्यात रंग तपासायचं काम करते, दोन खोल्यांचं घर आहे. मी तिला तीन दिवस शहर बघायला म्हणून बोलावलं. ती जन्मात कधी करापनारच्या पुढे गेली नव्हती. खरं तर मला तिला परत जाऊच द्यायचं नव्हतं. हे तिला कळलेलं होतं, कारण तिने एकच जोडी कपडे आणले होते.

दुपारी मी तिला मोठ्या मशिदीत नेलं. वीस घुमटांखालून चालताना ती माझी बाही धरून होती. मधल्या घुमटाला काच आहे, तिथून उजेड सरळ खाली पडतो, आणि त्या उजेडात संगमरवरी कारंजं. घराच्या आत वाहणारं पाणी. आई जिथे होती तिथेच उभी राहिली. मागून येणारे लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. इतक्या मोठ्या जागेत फक्त पाण्याचा आवाज येत होता. जरा वेळाने मला कळलं की तिने श्वास रोखून धरला होता.

"आत आणलंय," ती पुटपुटली. "पाहुण्याला आणावं तसं."

भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं आहेत. आईला नवी रोमन अक्षरं जेमतेम वाचता येत, ही जुनी अरबी मुळीच नाही. एका मोठ्या, डोकं झुकवलेल्या, पाठ गोल केलेल्या अक्षरापुढे ती बराच वेळ रेंगाळली.

"ही बाई काय पुसतेय?" तिने हळूच विचारलं.

मी ते अक्षर वीस वेळा पाहिलं होतं, पुस्तकांतून त्याच्याविषयी वाचलंही होतं. त्या दिवसापासून मला तिथे बाईच दिसते, गुडघ्यांवर बसून फरशी पुसणारी.

कारंज्यापाशी मशिदीतला एक म्हातारा सेवक बसला होता. आईने त्याला विचारलं, "बाबा, मधोमध पाणी कसं काय ठेवलं?"

"लोक सांगतात ते सांगतो, खरंखोटं अल्लाला ठाऊक. इथे एका म्हातारीचं घर होतं. मशिदीसाठी सगळ्यांनी जागा दिल्या, ही देईना. सोनं देऊ केलं, नाही म्हणाली. ती मेल्यावर जागा मिळाली. पण जिच्या मनाविरुद्ध घेतली तिच्या जमिनीवर नमाज कसा पढायचा? म्हणून तेवढ्या जागेवर पाणी सोडलं."

"नाही म्हणाली?" आईने विचारलं. "सुलतानाला?"

"हो, तोंडावर."

आई माझ्याकडे वळली. ती ओठांच्या कोपऱ्यात हसत होती. मी चूक केली होती. तिला वेगळ्या मशिदीत न्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिरव्या समाधीच्या पायऱ्या चढलो. समाधीला हिरवी म्हणतात, पण बाहेरच्या फरशा निळ्याकडे झुकणाऱ्या आहेत. माझा धंदाच रंगांचा, तरी त्या रंगाचं नाव मला अजून सापडलेलं नाही. आईने तळहात पूर्ण उघडून भिंतीवर ठेवला. चरे पडलेला, कपड्याच्या सोड्याने पांढरा पडलेला हात. "गार आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हे करणाऱ्याची आई जिवंत असेल का तेव्हा? बघितलं असेल का तिने?"

नंतर रेशमाच्या जुन्या सराईत, झाडाखाली चहा प्यायलो. शंभर रंगांचे रुमाल टांगलेले होते. मी तिच्यासाठी एक घेतला, राखाडी, कडेला बारीक लाल रेघ असलेला. तिने तो डोक्याला बांधला नाही. घडी करून छातीशी, कपड्याच्या आत ठेवला आणि दिवसभर मधूनच हात लावून तो आहे ना ते पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी तारेवरून जाणाऱ्या पाळण्यातून उलुदाग डोंगरावर गेलो. पाळणा सुटला तसे तिने डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

"उघड ना डोळे! सगळं शहर दिसतंय."

"तू बघ. बघून मला सांग."

वर एप्रिलमध्येही गुडघाभर बर्फ होता. आमच्याकडेही बर्फ पडतो, पण वाऱ्याबरोबर येतो नि वाऱ्याबरोबर जातो. इथे तो बसून होता. जिथे उन्हाने पातळ झाला होता तिथे त्याच्याखालून बोटभर पाणी झुळझुळत निघालं होतं. आई वाकली, त्या पाण्याच्या मागोमाग उतारावर दहा पावलं गेली, मग थांबून खाली, धुक्यातल्या शहराकडे पाहिलं. मला वाटलं, तिला चक्कर आली.

"हेच का गं ते? त्या म्हाताऱ्याच्या दारातलं?"

"हेच."

"म्हणजे हा एवढा डोंगर म्हणजे टाकीच." तिने मान मागे टाकून शिखराकडे पाहिलं. "आणि राखायला कुणी नाही."

संध्याकाळी किल्ल्यावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली आम्ही चहाला बसलो. खाली दिवे लागत होते. आता विचारायचं असं मी ठरवलं होतं.

"आई, पुढची खोली रिकामीच आहे. तुला पाहिजे तशी लाव."

"छान आहे खोली. ऊन येतं."

"मग राहा ना. तिथे काय उरलंय? एक दिवस झोपेत घरासकट खाली जाशील."

"गेले तर खाली पाणी तरी भेटेल."

"थट्टा करू नकोस!" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे लोक पाहू लागले. "तीन दिवस तोंड उघडं टाकून बघतेयस सगळं. आवडलंय ना तुला?"

तिने चहातली साखर ढवळली, विरघळून गेली होती तरी ढवळत राहिली.

"आवडलं? नेर्मिन, मला वाटलं मी मेलेच आणि इथे आले. असं काही आहे हे कुणी सांगितलं असतं तरी मी खरं मानलं नसतं." मग चमचा बशीत ठेवला. "पण पोरी, इथे मी करू काय? ह्या गावाला बंद करायला एक नळ नाही."

"आणि मी? मला नकोयस का तू?"

"तुला मी ठेवून दिलंय इथे. माझी वस्तू चांगल्या ठिकाणी आहे हे बघायला आले होते. बघितलं."

मी तिच्याशी घरापर्यंत बोलले नाही. शाळेतल्यासारखी पाठ फिरवून पुढे चालत होते. तिची पावलं मागे ऐकू येत होती, आणि प्रत्येक पाणपोईपाशी ती जराशी थबकत होती तेही.

निघायच्या सकाळी ती पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन रिफ्की उस्तादांपुढे उभी राहिली.

"घेऊ का थोडं?"

"मावशी, हे काय माझं आहे?"

"मग कुणाला विचारू?"

ते गोंधळले. मग म्हणाले, "ज्याने बांधलं त्याच्यासाठी दुवा मागा. आम्ही तेवढंच करतो."

आईने दोन्ही तळवे वर केले, नाव माहीत नसलेल्या माणसासाठी सावकाश दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि मगच कॅन धारेखाली धरला. रिफ्की उस्तादांनी हातातली सुरी बाजूला ठेवली आणि तिची दुवा संपेपर्यंत उभे राहिले. नंतर कॅनही त्यांनीच टॅक्सीपर्यंत नेला.

बसच्या पोटात सामान लावणारा माणूस म्हणाला, "काय मावशी, तिकडे पाणी मिळत नाही वाटतं?"

"मिळतं बाळा. मोजून."

निघणाऱ्याच्या मागे रस्त्यावर पाणी ओततात, वाट सोपी व्हावी म्हणून. मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा आईने माझ्यामागे अर्धा पेला ओतला होता. मी तिच्या बसमागे अख्खी बाटली रिकामी केली. मागच्या काचेतून ती मला हाताने खुणावत होती. पुरे, पुरे.

त्यानंतर सात महिन्यांनी शेजारच्या हाजेरताईंचा फोन आला. आईने सकाळी चूल पेटवली, दारातल्या बाकावर बसली, ती उठली नाही. भगदाड होतं तिथेच होतं, चारशे पावलांवर.

गावात बायकांना शेवटची आंघोळ हाजेरताईच घालतात. अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. आई फळीवर होती. छातीशी तो राखाडी रुमाल सापडला, तो ताईंनी घडी करून माझ्या हातात दिला. पाणी कोमट करून ठेवलेलं होतं, दोन बादल्या. ताईंनी तांब्या भरला आणि थांबल्या.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो कॅन होता. तोंडाला कापड गच्च बांधलेलं. भरलेला, गळ्यापर्यंत.

"आल्या दिवशीच मला दाखवून ठेवला होता. म्हणाली, हाजेर, तुझा हात आखडता आहे. मेल्यावर तरी मला मोजून घालू नकोस. हे माझ्या पोरीला ओतू दे."

"प्यायली नाही यातलं?"

"एकदा कापड सोडून वास घेतला. मलाही दिला. मी म्हटलं, पाण्याला कसला वास? म्हणाली, नीट घे."

ताईंनी आपल्या पाण्याने आंघोळ घातली, रीतीप्रमाणे, तीन वेळा. मग त्या बाजूला झाल्या. मी कापड सोडलं आणि कॅन दोन्ही हातांनी उचलला. डोक्यापासून सुरुवात केली. पांढरे केस फळीवर पसरले. खांद्यांवरून, चरे पडलेल्या हातांवरून पाणी उतरत गेलं. मी थांबले नाही, हात आवरला नाही. फळीवरून ते अंगणात उतरलं, आणि आमच्या त्या तहानलेल्या जमिनीने ते एवढ्या लवकर पिऊन टाकलं की ओलीची फक्त कड दिसत राहिली.

ताई कफन आणायला आत गेल्या. अंगणाच्या कोपऱ्यातला, टाकीचा नळ ठिबकत होता. मघाशी बादल्या भरताना कुणीतरी अर्धवट सोडला असेल.

मी उठले. चावी घट्ट पिळली. मग नळाच्या तोंडाखाली बोट धरलं आणि वाट पाहिली.