तबकडीवरचं कुंकू

खांडेनवमीला देवरावांनी यंत्राची पूजा केली ती अगदी मनापासून. आदल्या संध्याकाळी कीर्तनात बुवा म्हणाले होते, "ज्या साधनानं चार घरच्या चुली पेटतात, त्याला हात जोडल्याशिवाय उठू नका रे बाबांनो!" टाळ घुमले, देवरावांचे डोळे भरून आले आणि त्यांना आपलं साधन आठवलं.

ते साधन नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका भाड्याच्या इमारतीत होतं. काचेच्या खोलीत, थंडगार हवेत ठेवलेला कपाटाएवढा कॉम्प्युटर. पाणी, आरोग्य, सफाई, कर अशा शहराच्या सगळ्या खात्यांना मिळून एकच. त्या जागेला संयुक्त गणन केंद्र म्हणत, आणि ते यंत्र चालवणारे देवराव.

एरवी त्या खोलीत चपला घालून जायचीही बंदी. पण त्या दिवशी देवरावांनी उदबत्ती लावली आणि तबकडी बसवलेल्या पेटीचं झाकण उघडलं. आत एकावर एक रचलेल्या थाळ्यांसारखी तबकडी लखलखत होती. शहराचा सगळा हिशेब-किताब तिच्यावरच्या तपकिरी थरात; केसभर अंतरावरून फिरणारी सुई तो वाचायची. बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावणं काही देवरावांच्या मनाला पटेना. देव्हाऱ्याच्या दाराला गंध लावून मूर्तीला कोणी कोरडं ठेवतं का? त्यांनी वरच्या थाळीला हळद-कुंकवाचं बोट टेकवलं, कापूर ओवाळला, झाकण मिटलं आणि समाधानानं घरी गेले.

त्याच तबकडीवर सफाईच्या रोजंदारी बायाबापड्यांची वर्षानुवर्षांची हजेरी होती. दसरा झाला की तिची यादी छापून द्यायची, आणि ज्यांची हजेरी भरली त्यांना कायम करायचं, असा हुकूम होता. त्यात अंजनाबाई होती. केंद्रापुढचा रस्ता तीच झाडायची. महिनाअखेर ती वयाची मर्यादा ओलांडणार होती. या यादीत नाव आलं तर कायमची नोकरी, नाही तर कधीच नाही. रोज सकाळी झाडू खांद्याला लावून ती काचेवर टकटक करायची.

"देवरावभाऊ, माहं नाव हाये नं आत?"

"हाये वं बाई. चांगलं ठणठणीत हाये."

"नाही, एवढ्या थंडीत ठेवलं म्हून म्हनतो. सर्दी होईन त्याले!"

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी देवरावांनी हात जोडून बटण दाबलं. तबकडी फिरू लागली आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. मग जळका वास.  घाबरलेला माणूस करतो तेच देवरावांनी केलं. भिंतीच्या कपाटातून दुसरी तबकडी काढली. तिच्यावर सगळ्याची नक्कल होती. पहिली बाहेर काढून ती त्याच जागी बसवली आणि पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा तोच आवाज.

तेवढ्यात प्रेमिला धावत आली. ही नोंदी यंत्रात घालण्यासाठी कार्डांना भोकं पाडणारी मुलगी. दोन दिवस दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यातून आलेल्या लोकांना पाणी वाटून तिचा घसा बसला होता.

"भाऊ, हे काय करून राहिले? ज्या सुईनं एक खरवडली, तिच्याखालीच दुसरी काहून घातली?"

 देवरावांनी कापूस घेऊन पहिली तबकडी पुसली. कुंकू निघालं, कापराची काजळी निघाली. पण खाली तपकिरी थर खरवडून गेला होता आणि आतला पांढरा धातू दिसत होता. त्या पांढऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"कार्डं?" प्रेमिलानं विचारलं.

"लगद्याच्या भट्टीत गेली. खोलीत जागा पाहिजे म्हून म्यांच धाडली."

"अन् हजेरीबुकं?"

"यंत्रात आल्यावर कागद कायले, म्हून मीच सांगत फिरलो सगळ्याईले. तीबी रद्दीत गेली."

केंद्राचे प्रमुख दत्तोपंत आले. त्यांनी दोन्ही तबकड्या पाहिल्या, दार लावून घेतलं.

"यादी आज संध्याकाळी द्यायची आहे देवराव. वीज गेली म्हणून सांगू. उन्हाळा असो की दिवाळी, नागपुरात वीज गेली म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही."

"साहेब, अंजनाबाईचं काय?"

"मुदत मी ठरवलेली नाही. तिचं वय मी वाढवलेलं नाही."

"मी लिहून देतो, माझ्या हातानं झालं म्हून. मंग तरी मुदत वाढते का?"

दत्तोपंत खुर्चीत बसले. ते काही वाईट मनाचे नव्हते. "तुमची नोकरी जाईल. मुदत वाढणार नाही."

ते गेल्यावर देवराव यंत्रापुढे बसले. विठ्ठला, विठ्ठला म्हणाले. एरवी नाव घेतलं की उरात गार वाटायचं. आज जिभेला नुसती कोरड. पांडुरंगा, मी तुझ्यासाठीच केलं रे, असं म्हणायला गेले आणि थांबले. कारण काचेवर टकटक झाली.

"निघाली का यादी?" अंजनाबाई हसत होती.

देवराव बाहेर आले. विजेचं म्हणणं ओठावर आलं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते बोलवेना. त्यांनी सगळं सांगितलं. कुंकू, कापूर, दुसरी तबकडी, भट्टी. अंजनाबाईनं झाडू भिंतीला टेकवला.

"म्हंजे तुमी पूजा केली, अन् मी पुसल्या गेली."

"अंजनाबाई, मी..." देवराव तिच्या पायाशी वाकले.

"पाया नोका पडू भाऊ. तुमच्या पाया पडन्यानं माही नोकरी थोडीच येते?"

बुडणारा काडीला धरतो तसं देवरावांनी प्रेमिलाला हाक मारली. "बस वं पोरी, मशीनवर बस. अंजनाबाई, तुमी आठवून सांगा. पयल्या दिवसापासून. कोनती गल्ली, कोनता मुकादम, सोबत कोन होतं. ही कार्ड मारते. संध्याकाळपर्यंत हजेरी नवी करू आपन."

"कोणी मानणार नाही, भाऊ," प्रेमिला हळूच म्हणाली. तरी तिनं कोरं कार्ड लावलं.

अंजनाबाई पहिल्यांदाच त्या थंड खोलीत आली. पदर घट्ट लपेटून स्टुलावर बसली. 

"सासू मेली, त्या दिवशी नव्हती आली," ती म्हणाली. "पोराले गोवर निघाला तवा नव्हती आली. अन् एकदा पाय मुरगळला व्हता, तवा."

प्रेमिलाची बोटं कळांवर थांबून होती.

"हे नाही वं बाई," देवराव काकुळतीनं म्हणाले, "हे न आल्याचे झाले. आल्याचे दिवस सांगा नं. बाकीचे?"

अंजनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. हे असं काय विचारतात, हेच तिला कळेना.

"बाकीचे झाडले नं, भाऊ."